कामावर अपघात झाला तर: गोव्यातील कामगार भरपाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांतून, बांधकामांवरून, जेट्यांवरून आणि सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गातून रोज कामाला येणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोपे आधी, अडनिडे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साइटवर अपघात झाला. सगळ्यात आधी काय करायचं?

१०८ ला फोन करा आणि जखमीला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), मडगावला जिल्हा रुग्णालयात (हॉस्पिसियो) किंवा म्हापशाला जिल्हा रुग्णालयात (आझिलो), जे जवळ असेल तिथे न्या. सोबत कामावरचा एक माणूस हवा, आणि तो फक्त सुपरवायझर नको.

याचं कारण कॅज्युअल्टीतला केसपेपर. डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ आणि उत्तर ‘हिस्टरी’ या शब्दापुढे एका ओळीत इंग्रजीत लिहितात. कामगार वेदनेने अर्धमेला असतो, कधी त्याला फक्त कन्नड किंवा ओडिया येतं, मग सोबतचा माणूस बोलतो. तो ‘घरी जिन्यावरून पडला’ म्हणाला की कागदावर ‘फॉल ॲट होम’ येतं आणि पुढे दोन वर्षं त्या तीन शब्दांशी भांडावं लागतं. भरपाईचे बहुतेक दावे कायद्यामुळे नाही, या ओळीमुळे लंगडे होतात. म्हणून सांगायचं ते असं: कुठे, किती वाजता, कोणतं काम करताना, कशामुळे. ‘वेर्ण्याच्या अमुक कारखान्यात, सकाळी साडेदहाला, प्रेस मशीनवर, उजवा हात.’ नोंद मेडिको-लीगल केस (पोलिसांना कळवली जाणारी केस) म्हणून करायला सांगा आणि केसपेपरचा फोटो तिथेच काढा.

चुकीची ओळ पडलीच असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच उपचार करणाऱ्या डॉक्टरना लेखी विनंती करून खरी हकीगत तारखेसह नोंदवून घ्या. आधीच्या ओळीवर खाडाखोड करायला लावू नका. खाडाखोड झालेला कागद चुकीच्या कागदापेक्षा वाईट.

२. बोट किंवा हात तुटला तर तुटलेला भाग कसा न्यायचा?

जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या आणि हात वर धरा. तुटलेला भाग सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. हमखास चूक होते ती इथे: बोट थेट बर्फात टाकतात. त्याने पेशी गोठून मरतात आणि जोडण्याजोगं बोट जोडता येत नाही. हाताचा मोठा भाग तुटला असेल तर वेळ फारच कमी असतो. निघतानाच फोन करून प्लास्टिक सर्जन कुठे आहेत ते विचारून घ्या.

रसायन अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर किमान २० मिनिटं वाहतं पाणी. विजेचा झटका बसला तर माणूस उठून चालू लागला तरी ईसीजी काढायचाच.

३. भरपाईचा कायदा नेमका कोणता? कोणी १९२३ म्हणतं, कोणी नवी संहिता.

दोघंही बरोबर आहेत. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ (२०१० पर्यंत त्याच्या नावात ‘वर्कमेन’ होतं) २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. अपघाताची तारीख पाहा. त्या दिवसाआधीचा अपघात असेल तर हक्क जुन्या कायद्याचा, नंतरचा असेल तर संहितेच्या सातव्या प्रकरणाचा. जुन्या कायद्यातले ‘आयुक्त’ संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ झाले. हिशेबाचं सूत्र तेच राहिलं. खाली कलमांचे क्रमांक जुन्या कायद्याचे आहेत, कारण वकिलांच्या आणि कचेरीच्या तोंडी अजून तेच आहेत.

४. माझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात. मग भरपाईचा दावा वेगळा करता येतो का?

नाही. ईएसआयखाली विमा असलेल्या कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून भरपाई मागता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा ईएसआयमध्ये येतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के.

यात तोटा नाही, उलट बऱ्याचदा फायदाच आहे. कामावर येता येत नाही तोवर सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे, आणि मृत्यू झाला तर विधवेला व मुलांना निवृत्तिवेतन. अपघातासाठी ‘इतके दिवस वर्गणी भरलेली हवी’ अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मडगावला ईएसआयचं रुग्णालय आहे. तातडीच्या वेळी मात्र जवळच्या रुग्णालयात जा आणि ईएसआयला नंतर कळवा.

पगार वर्षाच्या मध्ये २१,००० च्या वर गेला तर विमा लगेच सुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात, त्यातला चालू काळ संपेपर्यंत संरक्षण राहतं. मालकाने नोंदणीच केली नसेल, किंवा अपघात झाल्यावर दुसऱ्या दिवशी घाईघाईने केली असेल, तरी ईएसआयच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. वर्गणी ‘भरली’ नव्हती एवढ्याने कामगाराचा हक्क जात नाही, ती ‘देय’ होती का हे पाहतात. पैसे मालकाकडून वसूल करणं हे ईएसआय महामंडळाचं काम.

५. पात्रांव (मालक) म्हणतो, चूक तुझी होती, काही मिळणार नाही. खरं आहे का?

नाही. हा कायदा चुकीचा हिशेब करत नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढंच दाखवायचं असतं. निष्काळजीपणा, घाई, झोप लागणं यांतलं काहीही भरपाई बुडवत नाही.

मालकाला सुटका फक्त तीन प्रसंगी मिळते: अपघात थेट दारू किंवा नशेमुळे झाला, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेसाठी बसवलेलं कव्हर वा साधन जाणूनबुजून काढलं. यांतलं ‘मुद्दाम’ मालकाने सिद्ध करायचं. हेल्मेट कपाटात कुलपात होतं आणि किल्ली साहेबांकडे होती, तर ‘हेल्मेट घातलं नाही’ हा बचाव चालत नाही.

६. पण शवचिकित्सेत दारू निघाली तर?

तरीही भरपाई मिळते. वरचे तीनही अपवाद मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर लागूच होत नाहीत. ही गोष्ट माहीत नसल्याने कित्येक विधवा पहिल्याच नकारानंतर घरी बसतात.

७. रक्कम कशी काढतात? साध्या आकड्यांत सांगा.

तीन गोष्टी लागतात: मासिक वेतन, अपघाताआधीच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं वय, आणि त्या वयाचा कायद्यातला गुणक. वेतन कितीही असलं तरी हिशेबासाठी महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेची, त्याआधी ती ८,००० होती.

मृत्यू झाला तर वेतनाच्या ५० टक्के गुणिले गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले गुणक. जुन्या कायद्यात किमान रक्कम अनुक्रमे १,२०,००० आणि १,४०,००० होती.

समजा वय ३५, पगार १८,०००. धरायचे १५,०००. पस्तिशीचा गुणक १९७.०६. मृत्यू: ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५० रुपये. पूर्ण अपंगत्व: ९,००० × १९७.०६ = १७,७३,५४० रुपये. वय वाढलं की गुणक उतरतो: २५ ला २१६.९१, ४५ ला १६९.४४, ५५ ला १३५.५६, ६५ आणि पुढे ९९.३७. म्हणून वयाचा पुरावा आधीच मिळवून ठेवा. आधार कार्डावर ‘१ जानेवारी’ अशी अंदाजे जन्मतारीख असेल तर शाळा सोडल्याचा दाखला काढा. दोन वर्षांच्या फरकानेही हजारो रुपये हलतात.

१५,००० ची मर्यादा आमच्या मते अन्यायाची आहे. २१,५०० पगार असलेला माणूस ईएसआयच्या बाहेर पडतो आणि इथे त्याचा पगार १५,००० धरला जातो.

८. हॉटेलात पगार ९,००० आणि वर जेवण-राहणं. वेतन कोणतं धरायचं?

जुन्या कायद्यात पैशांत मोजता येणारी सवलत वेतनात येते, म्हणजे मेसचं जेवण आणि खोलीचं मोल मागता येतं. प्रवासभत्ता आणि भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा येत नाही. संहितेत वेतनाची व्याख्या वेगळी आहे, पण वस्तुरूप मोबदला तिथेही काही प्रमाणात धरतात. खोली किती जणांत होती, जेवण किती वेळा, हे अर्जात लिहा. कोणी आपणहून विचारणार नाही.

९. एक बोट गेलं. किती टक्के?

कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तक्ता आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, पूर्ण पंजा ६०. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक छाटलं गेलं तर ५. मधलं बोट पूर्ण गेलं तर १२. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०, डोळा जागेवर असून नजर गेली तर ३०. प्रश्न ७ मध्ये काढलेल्या पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचे हे टक्के.

तर्जनीचं शेवटचं पेर घ्या. त्याच पस्तिशीतल्या कामगाराला ९ टक्क्यांनी १,५९,६१९ रुपये होतात, ५ टक्क्यांनी ८८,६७७. सत्तर हजारांचा फरक, आणि तो ठरतो हाडाचा तुकडा गेला की नाही यावर. म्हणून डिस्चार्जच्या वेळी एक्स-रेची फिल्म आणि त्याचा लेखी अहवाल हातात घ्या. ‘बोटाला जखम’ एवढंच लिहिलेल्या कार्डावर ५ टक्केच पदरात पडतात.

१०. तक्ता ३० टक्के म्हणतो, पण माझं कामच गेलं. जास्त मागता येतं का?

येतं. तक्त्यातले टक्के म्हणजे किमान. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालच्या निकालात डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या सुताराला १०० टक्के अपंगत्व धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हा निकाल आजही रोज वापरतात. काय शिल्लक राहिलं यापेक्षा आधी करत होतात ते काम आता करता येतं का, हे महत्त्वाचं. वेल्डरची नजर, ड्रायव्हरचा पाय, शिंप्याचा अंगठा यांची टक्केवारी या मुद्द्यावर वाढवून मागा.

११. दाखला कोणाचा आणि कधी काढायचा?

तक्त्यात नसलेल्या दुखापतींसाठी (मणका, न जुळलेलं हाड, भाजलेली त्वचा आखडणं) पात्र डॉक्टरांनी ‘कमाईची क्षमता किती टक्के घटली’ हे लिहून द्यावं लागतं. सरकारी योजनांसाठीचं अपंगत्व प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. त्यावर शरीराच्या अपंगत्वाचे टक्के असतात, कमाईचे नाहीत. ते जोडा, पण त्यावरच थांबू नका. डॉक्टरना आपलं काम समजावून सांगा: किती किलो उचलतो, किती तास उभा असतो, शिडी चढतो का.

प्लास्टर असताना किंवा फिजिओथेरपी चालू असताना दाखला काढू नका. ‘तात्पुरतं’ असा शेरा येतो आणि पुन्हा रांग लावावी लागते.

१२. उपचाराचा खर्च कोण देतो? कंपनीने रुग्णालयाचं बिल भरलं, म्हणजे भरपाई झाली का?

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो. २०१० पासून कायद्यात तसं स्पष्ट आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. हा खर्च भरपाईतून वजा होत नाही. ‘दोन लाख बिल भरलं, आता काय मागतोस’ हे म्हणणं कायद्यात बसत नाही.

औषधांची बिलं कामगाराच्या नावाची आणि चिठ्ठीशी जुळणारी हवीत. टॅक्सीच्या पावत्या ठेवाव्यात, पण त्या मिळतीलच असं धरू नका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड वापरलंत तर खिशातून गेलेले पैसे तेवढेच मागता येतात.

१३. पाय मोडला, दोन महिने घरी बसलो. तोवर काय?

ईएसआय नसेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. १५,००० धरले तर पंधरवड्याला ३,७५०. पहिला हप्ता सोळाव्या दिवशी देय होतो. काम २८ दिवस किंवा जास्त बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे, कमी असेल तर पहिले तीन दिवस सोडून. हे जास्तीत जास्त पाच वर्षं चालतं. पुढे अपंगत्व कायमचं ठरलं तर त्याआधी मिळालेले हप्ते एकरकमी भरपाईतून वजा होतात.

१४. कंत्राटदार पळून गेला. कंपनी हात वर करते.

कंपनीने आपल्या नेहमीच्या धंद्याचं काम कंत्राटदाराला दिलं आणि अपघात तिच्या ताब्यातल्या जागेत झाला, तर कामगार थेट कंपनीकडे मागू शकतो (कलम १२). कंपनीने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावं. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा.

अपवाद घरमालकाचा. कोणी स्वतःला राहायला घर बांधतो तेव्हा घर बांधणं हा त्याचा धंदा नसतो, म्हणून कलम १२ त्याच्यावर लागत नाही. तिथे जबाबदारी बांधकामाच्या कंत्राटदाराची. घरमालकाने थेट रोजंदारीवर मेस्त्री लावला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तो स्वतःच मालक ठरू शकतो.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी असेल तर तिथली मदत वेगळी घ्या. त्यामुळे भरपाई कमी होत नाही.

१५. नेमणुकीचं पत्र नाही, पगार रोखीत. कामगार होतो हे सिद्ध कसं करू?

तोंडी करारही करारच असतो. हजेरीची वही, गेटपास, मुकादमाच्या व्हॉट्सॲपवरचे ‘उद्या सातला ये’ असे निरोप, यूपीआयने आलेली उचल, मेसचं कुपन, साइटवरचा फोटो, सोबत्यांची साक्ष हे सगळं चालतं. अपघात झाला की पहिल्यांदा हजेरीची वही गायब होते. त्याच दिवशी पानाचा फोटो घ्या.

१६. अर्ज कुठे करायचा? मी ओडिशाचा, मला गोव्यातच यावं लागेल का?

गोव्यात पणजीच्या पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. अर्ज मात्र तीन ठिकाणी चालतो: अपघात जिथे झाला तिथे, कामगार किंवा त्याचे वारस राहतात तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे. म्हणजे बांद्याचा माणूस सिंधुदुर्गात, गंजामचा आपल्या जिल्ह्यात अर्ज करू शकतो. साक्षीदार गोव्यात असतील तर मात्र आम्ही गोवाच सुचवतो.

मालकाला लेखी नोटीस लवकरात लवकर द्या आणि पोचपावती ठेवा. अर्जाची मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होतो, पण ‘मालक आज देतो, उद्या देतो म्हणाला’ हे कारण प्रत्येक वेळी चालत नाही. जुन्या नियमांत कामगाराचा अर्ज ‘एफ’ नमुन्यात, मृताच्या वारसांचा ‘जी’ नमुन्यात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भरपाईतले ‘तीस टक्के माझे’ म्हणणाऱ्या दलालाला नमस्कार करा आणि निघा.

१७. अपघातानंतर लगेच गावी गेलो तर चालेल का?

मालकाने नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत स्वतःच्या खर्चाने वैद्यकीय तपासणी देऊ केली असेल तर ती करूनच जा. तपासणी नाकारली किंवा ती टाळून निघून गेलात तर परत येऊन तपासणीला तयार होईपर्यंत भरपाई थांबते. मालकाने काहीच देऊ केलं नसेल तर जा, पत्ता आणि फोन लेखी कळवून.

१८. शेठने पन्नास हजार दिले आणि ‘आता काही मागणं नाही’ अशी सही घेतली. संपलं का?

नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो (कलम १७). कायमच्या अपंगत्वाबद्दल तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारतात.

मृत्यूची भरपाई तर थेट घरच्यांच्या हातात देताच येत नाही. ती आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून मोजत नाहीत. अपवाद एकच: तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल मालक वारसांना देऊ शकतो, ती नंतर वळती होते.

१९. मृताच्या भरपाईसाठी इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया) करावी लागते का? विधवेला अर्धा वाटा मिळतो का?

हा खास गोव्याचा प्रश्न. इथल्या समान नागरी कायद्यात नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा वाटा असल्याने लोक नोटरीकडे धाव घेतात. गरज नाही. मृत्यूची भरपाई ही मृताची मालमत्ता नसते, ती त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची असते. विधवा, अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना अवलंबित्व सिद्ध करावं लागत नाही. वडील, अज्ञान भाऊ, अविवाहित बहीण यांना करावं लागतं. लग्न झालेली, धडधाकट, सज्ञान मुलगी सहसा यात येत नाही, मग वारसाहक्काने तिचा वाटा कितीही असो. कोणाला किती हे आयुक्त ठरवतात आणि मुलांची रक्कम बहुधा मुदत ठेवीत घालतात.

मृताने कर्ज काढलं असेल तर सावकाराला किंवा बँकेला या पैशांवर जप्ती आणता येत नाही.

२०. पेडण्याहून मोटरसायकलने कामावर जाताना अपघात झाला. हा ‘कामावरचा’ का?

आता बऱ्याच वेळा हो. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ ला एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात असा प्रवास १९२३ च्या कायद्याखालीही धरला, आणि संहितेत तशी तरतूदच आहे. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसला पाहिजे. सकाळच्या पाळीला नेहमीच्या वाटेवर असाल तर ठीक. सुटल्यावर म्हापशाच्या बाजारात दोन तास घालवून मग पडलात तर अवघड.

दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाण्याचाही पर्याय आहे. दोन्हींपैकी एकच निवडायचा. न्यायाधिकरणात १५,००० ची मर्यादा नसल्याने रक्कम सहसा जास्त येते, पण तिथे समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. ट्रकचालकाच्या स्वतःच्या चुकीने ट्रक उलटला तर भरपाई कायदाच बरा.

२१. ट्रॉलरवरून खलाशी समुद्रात पडून बेपत्ता झाला. दोन वर्षं थांबायचं का?

थांबू नका. जहाजावरच्या माणसांसाठी मुदती वेगळ्या आहेत: मृत्यूची बातमी कळल्यापासून एक वर्ष, आणि बोट सगळ्यांसकट बुडाली असेल तर १८ महिने. बंदराजवळच्या पोलीस ठाण्यात त्याच दिवशी बेपत्ता झाल्याची नोंद करा. तांडेलाचा (बोटीच्या प्रमुखाचा) आणि सोबतच्या खलाशांचा जबाब तिथेच घ्या, कारण पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली की ते आपापल्या गावी पांगतात.

२२. रेंदेर (माडी काढणारा) माडावरून पडला, पाडेली (नारळ पाडणारा) पडला. त्यांना मिळतं का?

ताडा-माडांची माडी काढणं आणि झाडं तोडणं ही कामं कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात नावानिशी आहेत. प्रश्न कामाचा नसतो, मालक कोण याचा असतो. रेंदेराने माड भाड्याने घेऊन माडी स्वतः विकली तर तो स्वतःचाच मालक, दावा कोणावर करणार? भाटकाराने (बागेच्या मालकाने) मजुरीवर लावला असेल तर दावा उभा राहतो. नारळ पाडणारा एका दिवसात पाच घरी जातो, त्याचं प्रकरण सगळ्यांत कठीण. त्याने स्वतःचा अपघात विमा काढलेला बरा.

गॅसवर स्वयंपाक चालणाऱ्या हॉटेलातला आचारीही याच परिशिष्टात आहे.

२३. अपघात नाही, आजार झाला. सिलिकोसिस, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), हार्ट अटॅक?

तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजार आहेत: खनिज धुळीने होणारे फुप्फुसाचे आजार, सततच्या आवाजाने आलेला बहिरेपणा, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून झालेला संसर्ग. दगड फोडणारा आणि सँडब्लास्टिंग करणारा कामगार कित्येकदा क्षयाच्या गोळ्या खात राहतो आणि सिलिकोसिसचं नाव कागदावर येतच नाही. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरना कोणत्या धुळीत किती वर्षं काम केलं ते सांगा.

हार्ट अटॅक कामाच्या जागी आला एवढं पुरत नाही. कामाच्या ताणाचा संबंध दाखवावा लागतो: सलग दोन पाळ्या, उन्हातलं जड ओझं, आदल्या दिवसांची हजेरी.

२४. मालक पैसे देतच नाही. व्याज मिळतं का? विमा कंपनी काय देते?

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय असते. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज. सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. प्रश्न ७ मधल्या १४,७७,९५० वर व्याजच महिन्याला सुमारे १४,७८० रुपये होतं.

विमा असेल तर कंपनी भरपाई आणि व्याज देते, दंड मालकाच्या खिशातून. मालकांनी पॉलिसीवरची माणसांची संख्या आणि कामाचा प्रकार तपासावा. सहा जणांचा विमा आणि साइटवर चौदा जण, किंवा ‘मदतनीस’ लिहिलेला माणूस क्रेनवर, इथेच दावे अडतात. उपचाराच्या खर्चाला वेगळी मर्यादा असते, तीही पाहावी.

२५. निकाल लागला, आता मालक हायकोर्टात जाईन म्हणतो.

जाऊ शकतो, ६० दिवसांत, पर्वरीच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात. पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, नुसतं ‘रक्कम जास्त झाली’ म्हणून नाही. शिवाय आदेशाची पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरल्याचं प्रमाणपत्र अपिलासोबत लागतं. तेव्हा आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन रक्कम जमा झाली का ते विचारा. जमा नसेल तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारख्या वसुलीचा अर्ज त्याच खिडकीवर द्या.